आक्कांचं सोंग

नाटक सुरू व्हायला तासभर उरला असताना आमच्या नाटकात काम करणाऱ्या, गावातल्या वहिनींनी मला समाजमंदिराच्या मागे नेलं आणि हळूच विचारलं, "बाई, तुमास्नी ठाव हाय न्हवं, ह्ये सोंग कुणाचं हाय त्ये?"

मी म्हटलं, घरमालकिणीचं.

"व्हय, पर कुठल्या?"

कुठल्याच नाही, आपण सगळ्यांनी मिळून तयार केलेलं पात्र आहे, असं मी म्हटलं. वहिनी माझ्याकडे जरा दयेनंच बघायला लागल्या. "बाई, ती आमची आक्का हाय. तळव्यावर मिश्री घेऊन, दारातल्या पाण्याच्या बॅरलवर टिचकी मारून बोलणारी गावात दुसरी कोण न्हाय. सोंग करणारा आपला बिहारी पावणा तिच्याच खोलीत ऱ्हातोय. आन् तिनं ह्यास्नी खोली मोकळी कराय सांगितलिया, म्हयना संपायच्या आत."

माझ्या हातात स्पीकरची वायर होती. ती तशीच हातात धरून मी उभी राहिले.

माझा स्वभाव मुळातच घाबरट. शाहूपुरीतल्या आमच्या घरातून बाहेर पडताना गॅस बंद केला का हे बघायला मी निम्मा जिना उतरून परत वर जाते. नवरा म्हणतो, हिला काळजी करायला काही नसलं की हिला त्याचीच काळजी वाटते. अशा बाईनं निदान सरळ नाटकं करावीत, ज्यात नट बोलतात आणि प्रेक्षक गप्प बसतात. पण माझ्या नशिबी आली ती प्रेक्षकांना बोलायला लावणारी नाटकं. यात गोष्ट ऐन गाठीशी आली की आम्ही नाटक थांबवतो आणि समोर बसलेल्यांना विचारतो, या अडलेल्या माणसाच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? ज्याला सुचेल त्यानं वर यायचं, अडलेल्याची जागा घ्यायची आणि स्वतः करून दाखवायचं. अडवणाऱ्याची जागा मात्र कुणी घ्यायची नाही, एवढा एक नियम. कोण वर येईल, काय बोलेल, कुणाची आईबहीण काढेल, याचा काही भरवसा नसतो. प्रत्येक प्रयोगाआधी मी मनात नवस बोलते.

त्या वर्षी एका संस्थेनं माझ्याकडे काम सोपवलं होतं. दुसऱ्या राज्यांतून पोटासाठी इकडे आलेल्या माणसांत जे कलावंत असतील त्यांना हाताशी धरायचं, आणि ते राहतात त्याच गावातल्या लोकांना बरोबर घेऊन नाटक उभं करायचं. कागदावर हे फार छान दिसतं. शिरोली एमआयडीसीच्या आसपासच्या गावांत फिरायला लागल्यावर कळलं की कलावंत सापडणं सोपं आहे, तो संध्याकाळी जागा आणि मोकळा सापडणं अवघड. दिवसपाळीवाला थकलेला असतो आणि रात्रपाळीवाला निघायच्या घाईत.

आमचा हा बिहारी नट मला विश्वकर्मा पूजेला सापडला. एका फौंड्रीत त्या दिवशी यंत्रांना हार घातले होते, आणि वाळूच्या साच्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक काटकुळा माणूस टॉवेलचा पदर डोक्यावर घेऊन नवी नवरी झाला होता. अंगात कामाची पँट, पायांत जाडजूड बूट, तरी नवरीच दिसत होती. बिहारात, त्याच्या गावाकडे, तो मिसरूड फुटायच्या आधीपासून नाच पार्टीत बायकांची कामं करत होता. "लगन का सीजन चार महीना, दीदी," त्यानं मला सांगितलं, "बाकी आठ महीना क्या खाएँगे?" म्हणून तो इथं साचे भरायला आला आणि राहिला. मराठी त्यानं फौंड्रीत आणि गावच्या नळावर उचलली, त्यामुळे ती माझ्यापेक्षा अस्सल होती, पण माझ्याशी तो हिंदीतच बोलायचा.

त्याला नाटकात घ्यायला गावानं खळखळ केली नाही. आमच्या भागातल्या माणसांना पुरुषानं लुगडं नेसण्याचं काय अप्रूप? सोंगी भजनात चांगले मिशाळ गडी गवळणी होऊन मुरकतात आणि सकाळी ऊस तोडायला जातात. गावच्या भजनातल्या म्हाताऱ्यांनी त्याची चाल बघितली आणि "पावणं तयार हाय" असा शेरा दिला. त्यानंतर त्याला तालमीला चहा मिळायला लागला.

तालमीची माझी एक पद्धत आहे. इथल्यांनी बाहेरच्यांचं काम करायचं आणि बाहेरच्यांनी इथल्यांचं. त्यामुळे वहिनी, ज्या गावातल्या बचत गटातून आमच्याकडे आल्या होत्या, पोटाला उशी बांधून परगावची भाडेकरीण झाल्या, आणि तो झाला कोल्हापुरी घरमालकीण. गावात राहताना सगळ्यांत जड काय जातं असं मी विचारलं होतं, तेव्हा त्याच्यासह चार-पाच जणांनी खोलीचंच सांगितलं. बायको गरोदर राहिली की घरमालक खोली सोडा म्हणतात, हे दोघा-तिघांच्या तोंडून आलं. म्हणून मला ती सगळ्यांची मिळून झालेली गोष्ट वाटली. त्याची बायको तालमीच्या वेळी दाराशी बसलेली असायची, पदर कपाळापर्यंत ओढून. तिला सातवा महिना होता. तिच्याकडे बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

वायर तिथंच टाकून मी आत गेले. तो खिडकीला टेकवलेल्या आरशात बघून कुंकू लावत होता.

"ही तुझ्या आक्कांची नक्कल आहे?"

"हाँ दीदी," तो आरशातूनच म्हणाला. "और किसकी आती है हमको?"

"त्यांनी खोली सोडायला सांगितलीय, हे मला का नाही सांगितलंस?"

"आप टेंशन लेती हैं."

मी त्याला विचारलं, आक्का आल्या आणि चिडल्या तर? महिना संपायचीही वाट बघणार नाहीत, उद्याच सामान बाहेर ठेवतील. दुसरी खोली बघितलीस का? तो म्हणाला, सगळीकडे बघितली. "पेट देख के कोई नहीं देता." मग कुंकवाची डबी बंद करून तो माझ्याकडे वळला. "आक्का नहीं आएगी. उसका सीरियल रहता है. और सामने बोलना हमसे नहीं होता, दीदी. हाथ जोड़ के खड़े रह जाते हैं. नाच में बोल लेते हैं."

प्रयोग रद्द करावा असं मला फार वाटलं. पण बाहेर सतरंज्या अंथरून झाल्या होत्या, बायका लवकर स्वयंपाक उरकून यायला लागल्या होत्या, आणि रद्द का, याचं काय कारण सांगणार? शेवटी मी त्याला बजावलं. मिश्री नाही, बॅरल नाही, प्रत्येक वाक्यानंतर ते "कळतंय का" नाही. साधी कुठलीही बाई कर. त्यानं दोन्ही कान पकडले आणि "नहीं करेंगे" म्हणाला. मला जरा धीर आला. वीस-पंचवीस वर्षं नटांबरोबर काढूनही मला धीर येतो, हे आश्चर्यच आहे.

आणि मग आक्का आल्या. स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची स्वतः घेऊन आल्या. साठीच्या पुढच्या, उंच, पदर कमरेला खोचलेला, एका गुडघ्यावर जोर न देता चालणाऱ्या. बायकांनी सरकून जागा दिली, आणि त्यांनी खुर्ची अगदी पुढं, माझ्यापासून हातभर अंतरावर मांडली. "सुनबाईचा फोन आलता," त्या शेजारणीला सांगत होत्या, "मालिका हुकली. म्हणलं चला, हितं तरी बघावं." मी त्यांच्याकडे बघून हसले. ते हसू कसलं होतं कुणास ठाऊक, त्यांनी मला विचारलं, "काय हो बाई, बरं न्हाय व्हय?"

नाटक सुरू झालं. पहिली काही मिनिटं त्यानं माझा शब्द पाळला, आणि नाटक इतकं पडलं की मलाच लाज वाटली. तो लाकडासारखा उभा राहून बोलत होता. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली तेव्हा सगळी माणसं मान वळवून ट्रॉलीच बघत बसली. मागची पोरं उठून उभी राहिली. मी मात्र मनात म्हणत होते, पडू दे, असंच पडू दे आणि संपू दे.

मग त्यानं पदर खोचला. मुद्दाम नसेल, लुगडं सुटत असेल. पण खोचण्याची ती तऱ्हा बघून मागं कुणीतरी फस्सकन हसलं. त्याची मान हलकेच त्या दिशेला वळली आणि मी समजले की गेलं सगळं. हशा मिळालेला नट म्हणजे उताराला लागलेली ट्रॉली, ब्रेक कुणाचा लागायचा? पुढच्या वाक्याला त्यानं बॅरलवर टिचकी मारली. मग डावा तळवा पुढं आला, त्यावर नसलेली मिश्री पडली, बोट तोंडात गेलं, आणि बोट तसंच तोंडात ठेवून तो वहिनींना म्हणाला, "म्हयना संपला की खोली मोकळी कराची. कळतंय का?"

समाजमंदिराचे पत्रे उडतील एवढा हशा झाला. बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. आणि हसता हसता एकेक तोंड वळून आक्कांकडे बघायला लागलं. मीही बघितलं. आक्का हसत नव्हत्या. त्यांचं स्वतःचं बोट मिश्रीसकट तोंडात होतं. ते त्यांनी सावकाश बाहेर काढलं आणि पदराला पुसलं.

तो थांबला नाही. तो रंगात आला होता. मालकीण एकामागून एक कारणं सांगत होती. तुमाला पाणी लय लागतंय. तुमची गावाकडची माणसं येऊन पडत्यात. पोर रातभर रडणार. वहिनी पोटावरची उशी सावरत हात जोडत होत्या. मी दाराशी बघितलं, त्याची बायको तिथं नव्हती. ती बायकांच्या घोळक्यात शेवटी बसली होती आणि तिनं पदर आता हनुवटीपर्यंत ओढला होता.

ठरलेल्या जागी मी टाळी वाजवून नाटक थांबवलं आणि विचारलं, या बाईच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? भजनातला एक म्हातारा म्हणाला, "ओ, पुढं चालू करा की, आमी बघतोय न्हवं." मी पुन्हा समजावून सांगितलं. मग एक तरणी सून आली, वहिनींची उशी स्वतःच्या पोटाला बांधून रडून बघितलं. त्यानं, म्हणजे मालकिणीनं, "रडून रांजण भरत न्हाय" म्हणून तिला परत पाठवलं. दुसरी आली ती भांडली. तिच्यापेक्षा मालकीण चढ निघाली. हशा वाढत होता, आणि प्रत्येक हशाबरोबर मला वाटत होतं की हा माणूस आपल्या खोलीचा एकेक चिरा स्वतःच्या हातानं काढतोय.

उशी पुन्हा वहिनींकडे आली, आणि तेवढ्यात आक्कांनी हात वर केला.

मी न बघितल्यासारखं केलं. खरंच केलं. दुसरीकडे बघून "आणखी कोण?" असं विचारलं. आक्का उठून उभ्याच राहिल्या. "मी हाय की," त्या म्हणाल्या. "मी येतो."

मी म्हटलं, या, भाडेकरणीच्या जागी उभ्या राहा. "तिच्या जागी कशाला?" आक्का म्हणाल्या. "मी माज्या जागी हुबी ऱ्हातो." आता नियमाप्रमाणे हे चालत नाही. नियम सांगायला मी तोंड उघडलं, आणि आक्कांच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. त्या गुडघा सांभाळत वर आल्या. तो अजून त्यांच्याच थाटात कमरेवर हात ठेवून उभा होता. दोन आक्का समोरासमोर. हसू दाबण्यासाठी बायकांनी तोंडात पदर कोंबले. आक्कांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"लुगडं झ्याक नेसलाईस," त्या म्हणाल्या. "आता हो बाजूला. आन् त्यो हात काढ कमरंवरचा."

तो बाजूला झाला. हात काढला, तर त्याला त्याचं काय करावं कळेना. कुंकवाखालून घाम ओघळत होता. आता ही बाई चार माणसांत याला घालूनपाडून बोलणार, खोली आजच सोड म्हणणार, आणि ती पोटुशी पोर या थंडीत कुठं जाणार? मी आणलेल्या नाटकापायी. मी हात वर करून प्रयोग संपवायचाही विचार केला.

आक्का वहिनींकडे वळल्या. "पाण्याचं मी कवा बोललो न्हाय," त्या आधी सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या. "माणसं येत्यात म्हणून बी न्हाय. ह्ये ह्यानं मनानं घातलंय. मी एवढंच म्हणलो." आणि मग वहिनींना, अगदी साध्या आवाजात, "खोली मोकळी कर."

वहिनी शिकलेलं काही बोलल्या नाहीत. त्यांनी उशीवर हात ठेवला आणि विचारलं, "का, आक्का?"

इतक्या तालमी झाल्या, आम्ही त्या प्रवेशात कितीतरी बदल केले, पण हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. कारणं आमच्याकडे तयार होती ना.

आक्कांनी समोरच्या लोकांकडे बघितलं, मग खाली. "हिचा नवरा रातपाळीला," त्या म्हणाल्या. "माजी पोरं पुण्याला. वाड्याला माणूस मी एकटी, त्यात ह्यो गुडगा. मध्यरातीला पोरीला कळा आल्या तर मी कुणाला हाक मारू? कुटं पळू? काय इपरीत झालं तर तिच्या आईबाला काय सांगू, त्यांची भाषा बी मला येत न्हाय. मला झोप लागत न्हाय त्या इचारानं. म्हणून म्हणलो, जा बाबा, जितं चार माणसं हायत तितं जा."

मला एकदम रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी स्पीकरशी खटपट करायला लागले. घाबरणारी बाई मला लांबून ओळखता यायला हवी होती. मी स्वतःच तशी; रोज तिच्यासकटच झोपते आणि तिच्यासकटच उठते.

"आक्का, मला हाक मारायची की," वहिनी म्हणाल्या. आता त्या भाडेकरीण नव्हत्या, आपल्या आवाजात बोलत होत्या. "तीन घरं तर सोडून हाय."

"तू? तुज्या उशाला ढोल वाजवला तरी उठत न्हाईस."

त्यावर हशा झाला, आणि त्यात वहिनींचे मालक मागून म्हणाले, मी उठतो, टेम्पो दारातच असतो. आणखी दोघी-तिघींनी हात वर केले. आक्कांनी प्रत्येकीकडे नीट बघून घेतलं, कोण खरं बोलतंय ते ताडल्यासारखं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आन् तुमी, बाई? तुमी येणार काय?"

मी म्हटलं, मी शाहूपुरीत राहते, मला पोचायला वेळ लागेल. "त्येच म्हणतो," आक्का म्हणाल्या, आणि मला सोडून दिलं.

मग त्यांनी घोळक्यातल्या खऱ्या पोरीला हाक मारली. ती उठली नाही, तिनं नुसतं वर बघितलं. "ऱ्हा मग," आक्का तिला म्हणाल्या. "पर एक. रातीला आतनं कडी लावायची न्हाय. तू आत पडलीस आन् कडी लावलेली, तर मी आत कशी येणार?"

त्यानं, लुगड्यातच, बायकोला ते तिच्या बोलीत सांगितलं. सगळं समाजमंदिर तिच्या हो म्हणण्याची वाट बघत होतं. भजनातल्या म्हाताऱ्यानं तर टाळी वाजवायला हात वर घेतले होते. तिनं मान हलवली. नाही. "कुंडी तो लगाएँगे," कडी तर लावणारच, असं ती हळू पण स्पष्ट म्हणाली.

तो कसनुसा झाला. आम्ही आधी दुसऱ्या गावात राहायचो, तो लोकांना सांगायला लागला, तिथं मी रात्रपाळीला असताना एका रात्री कुणीतरी बाहेरून दार ढकललं होतं. बराच वेळ ढकलत होतं. तेव्हापासून ही अंधार पडला की कडी लावते. मी घरी असलो तरी लावते.

पुरुष खाली बघत होते. आक्कांनी त्या पोरीकडे बघितलं, मग त्या खाली उतरल्या, आपली खुर्ची उचलली आणि निघून गेल्या. खोली राहिली की गेली हे त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांच्या मागे जाऊन विचारायची माझी छाती झाली नाही. लोकांचे आभार मानून मी सतरंज्या गोळा केल्या.

पुढचे दिवस माझे वाईट गेले. त्याचा फोन लागायचा नाही. लागला तर मागं भट्टीचा आवाज, आणि "सब ठीक है दीदी" एवढंच. मला टेंशन नको म्हणून तो खरं सांगणार नाही हे मला माहीत होतं, त्यामुळे ते वाक्य ऐकून मला जास्तच काळजी वाटायची. संस्थेला पाठवायच्या अहवालात मी लिहिलं की गावकऱ्यांनी उत्स्फूर्त सहभाग घेतला, आणि ते वाचून मलाच माझा राग आला. महिना संपायला आला तेव्हा नवरा म्हणाला, रोज स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालतेस त्यापेक्षा तिथं जाऊन बघून ये ना. मी गेले.

आक्का दारातच बॅरलपाशी होत्या. मला बघून "या बाई" म्हणाल्या. मी नुसतंच त्या खोलीकडे बघितलं. दाराबाहेर दोरीवर बायकी कपडे वाळत होते, म्हणजे ती पोर अजून होती. आणि दाराला लागून, बाहेरच्या ओट्यावर, एक वळकटी गुंडाळून ठेवली होती, वर घोंगडं, शेजारी बॅटरी.

"तिथं कोण झोपतं?" मी विचारलं.

"मी झोपतो की," आक्का म्हणाल्या. "काय करणार? कडी काय ती पोरगी काढंना. समजावून बगितलं, दमात घेऊन बगितलं. मग म्हणलं, तू आत कडी लावून झोप, मी भाईर झोपतो. मी दाराला टेकून आडवी पडल्यावर ढकलायला कोण येतंय बगू."

थंडी आहे, गुडघा दुखेल, असं काहीतरी मी म्हटलं. गुडघा आतही दुखतोच, असं त्या म्हणाल्या. मग आवाज लहान करून, काही चोरटं सांगितल्यासारखं, "रातीत कवातरी ती आतनं दार वाजवती. हळूच. मी जागी हाय का बगती. मी म्हणतो, हाय. मग झोपती." हे सांगताना त्यांनी मिश्रीचं बोट तोंडात घातलं आणि चेहरा वळवला.

मी परत येताना बसमध्ये हिशेब मांडत बसले. एक म्हातारी ओट्यावर, थंडी वाढतेय, नवव्या महिन्याला अजून किती दिवस. आक्काच आजारी पडल्या तर? एक काळजी मिटली की तिच्या जागी दुसरी येऊन बसते, माझ्याकडे जागा कधी रिकामी राहत नाही.

बाळ झाल्याचं मला वहिनींनी फोन करून कळवलं. मी सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा तो कामाच्या कपड्यांतच वाळूनं भरलेला आतबाहेर करत होता, आणि आक्का बाकावर पाय पसरून बसल्या होत्या, मांडीवर तेच घोंगडं. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. पहाटे टेम्पोनं आणलं म्हणे, वहिनींना उठवायला मात्र खरोखरच पराती वाजवाव्या लागल्या.

मी आक्कांच्या शेजारी बसले. बरं झालं तुम्ही जाग्या होतात, मी म्हटलं, नाहीतर दार वाजलेलं ऐकू आलं नसतं.

आक्कांनी मान हलवली. "दार न्हाय वाजलं, बाई," त्या म्हणाल्या. "कडी वाजली. तिनंच आतनं काढली."